एंडाइव्हची बाहेरची पानं

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात परदेशी भाजीचं खूळ शिरलं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना सॅलडसाठी एंडाइव्ह नावाची पालेभाजी लागते, असं कुणीतरी त्याला सांगितलं. मखमलाबादच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला, आम्ही ती लावली. एक कुरळ्या पानांची, एक रुंद पानांची आणि तिसरी त्यांची लाल चुलत बहीण, लहानशा कोबीसारखी गोल. तिघी दिसायला वेगळ्या, पण कडूपणात सख्ख्या. घरात कुणी दुसरा घास घेतला नाही.

हॉटेलवाल्यांना हवा असायचा फक्त आतला पिवळट गाभा. त्यासाठी तोडणीच्या आधी काही दिवस प्रत्येक झाडाची पानं वर गोळा करून सुतळीने बांधायची. आत ऊन पोचलं नाही की गाभा फिका पडतो, कडूपणा कमी होतो. बाहेरची हिरवीगार पानं मात्र तोडून टाकायची. रोज ढीग पडायचा. मी देवळा गावची, शेतकऱ्याची मुलगी. एवढा पाला उकिरड्यावर फेकायला माझा हात धजेना. मी तो सासूबाईंच्या म्हशीपुढे टाकू लागले. ती मिटक्या मारत खायची, आणि मला वाटायचं, काय हुशार सून आहे मी!

म्हैस म्हणजे सासूबाईंचं स्वतःचं राज्य. शहरात गंगापूर रोडच्या मोजक्या घरांत त्यांचा रतीब होता. तिथली पोरं त्यांच्या दुधावर वाढलेली. बारसं असो की लग्न, त्यांना आमंत्रण ठरलेलं. रोज सकाळी धुवट नऊवारी नेसून, किटली घेऊन त्या सिटी बसने जायच्या. परत आल्या की कुणाच्या घरी काय चाललंय ते आम्हाला सांगायच्या.

एके दिवशी किटली जवळजवळ भरलेलीच परत आली. "दूध कडू लागतंय म्हणे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चाखलं आणि त्या तडक म्हशीकडे गेल्या. म्हैस आटत आली की दुधाची चव बिघडते, पण ही तर नुकतीच व्यायलेली. म्हणजे नजरच. त्यांनी मीठ-मिरच्या तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका काही उठला नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. "लय वाईट नजर हाय गं." मी मान डोलावली आणि दुपारी म्हशीपुढे आणखी पाला टाकला, बिचारीला बरं वाटावं म्हणून.

एकेक घर सुटत गेलं. पिशवीचं दूध दाराशी येतच होतं.

एका दुपारी पाला तोडून, हात धुऊन मी जेवायला बसले. पहिलाच घास कडूजहर. आमटी चाखली, ती बरी होती. मग बोट चाटून पाहिलं. पानांचा पांढरा चीक नखांत सुकला होता. उठून कुठेतरी पळून जावंसं वाटलं. समोर सासूबाई जेवत होत्या.

"आई, नजर नाही हो. माझा पाला आहे. मीच घालत होते तिला."

मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "तुला काय ठाऊक, पोरी. पालाच नवा. मला तरी कुठं कळलं?"

पाला बंद केला आणि दूध पूर्वीसारखं झालं. सासूबाई मोठ्या उमेदीने किटली घेऊन गेल्या. "आता पिशवी लावली हो, मावशी. बसा, चहा घ्या," असं त्यांना घरोघरी सांगण्यात आलं. पिशवीच्या दुधाचा चहा पिऊन त्या परत आल्या. मी आत जाऊन रडले.

एंडाइव्हचं खूळ पुढच्या हंगामात संपलं. म्हैस मात्र पुढे बरीच वर्षं होती, घरच्यापुरती. धार काढून झाली की सासूबाई वाटीत थोडं दूध घेऊन माझ्याकडे यायच्या.

"बघ गं, कडू तर लागत नाय?"

टोमणा असता तर मी सुटले असते. पण त्या खरंच विचारायच्या. जन्मभर धार काढलेल्या त्या बाईचा आपल्या दुधावरचा भरवसा मी घालवला होता.

"गोड आहे, आई."

"नक्की ना?" त्या म्हणायच्या, आणि मगच दूध तापायला ठेवायच्या.