सांधेवालीने बांधलेला हात

माझी आत्या हाडं बसवायची. सगळं शहर तिला सांधेवाली म्हणायचं. खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यांनीही डोकं खाजवलं असतं. चामड्याच्या बाजारामागे तिची एक खोली होती. दारात बाक, आत उंच पलंग, भिंतीला टांगलेल्या लाकडी पट्ट्या आणि कापडाच्या गुंडाळ्या. हमाल, गवंडी, घोड्यावरून पडलेले शिपाई सगळे त्या बाकावर ताटकळत. आत्या घरच्यांची चौकशी करत खांदा धरायची आणि माणूस उत्तराला तोंड उघडेपर्यंत सांधा जागच्या जागी बसलेला असायचा.

एका सकाळी राजवाड्यातून दासी आली. राजा आदल्या वर्षी वारला होता, मुलगा सात वर्षांचा, म्हणून राजाचा धाकटा भाऊ कारभार पाहत होता. दासी म्हणाली, "राणीसाहेब जिन्यावरून पडल्यात. चला लवकर."

राणी खिडकीपाशी बसली होती. उजवा हात मांडीवर, मनगट आणि कोपराच्या मधोमध सुजलेला. आत्याने बोटांनी हाड चाचपलं आणि तिच्या लक्षात आलं. पडताना माणूस हात टेकतो, तेव्हा मोडतं ते मनगटापाशी. असं मधोमध मोडतं ते काठीचा वार हातावर झेलला तर.

"जिना फार उंच होता का हो?" आत्याने हळूच विचारलं.

राणीने दाराकडे पाहिलं. दिराचा शिपाई तिथे उभा होता. "माझ्या दिराएवढा," ती म्हणाली.

आत्याने हाड ओढून बसवलं. या क्षणी भलेभले पैलवान आईच्या नावाने हंबरडा फोडतात. राणीने हूं की चूं केलं नाही. घाम मात्र हनुवटीवरून टपटप गळत होता. पट्ट्या बांधून होताच तिने विचारलं, "मुलाला उचलून घेता येईल ना नंतर?" आत्या मला पुढे कितीदा तरी म्हणाली, "तीस वर्षं हाडं बसवतेय. असं माणूस पाहिलं नव्हतं गं."

"सहा आठवडे पट्ट्या सोडू नका," तिने बजावलं.

पाचव्या आठवड्यात चौकात दवंडी पिटली. राणीने मुलाचा गादीवरचा हक्क सोडला. पंधरा दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने तसं लिहून दिलं आहे. परवा न्यायसभेत कागद वाचला जाईल. आत्या तेव्हा एका गवंड्याचा घोटा बांधत होती. तिची गाठ अर्धवटच राहिली.

"कुठल्या हाताने?" ती म्हणाली.

माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ, रात्रभर तिची समजूत घालत होते. "तुला काय पडलंय? मोठ्यांच्या भानगडीत आपला चुराडा व्हायचा."

"मी बांधलेला हात आहे तो," आत्या म्हणाली. "त्याच्याबद्दल खोटं बोलतायत."

न्यायसभेत कागद वाचून झाला तेव्हा मागून एक जाडजूड बाई, कामाच्याच कपड्यांत, वाट काढत पुढे आली. तिने एवढंच मागितलं की राणीसाहेबांना इथे आणा. दीर हसला. पण म्हातारा मुख्य न्यायाधीश म्हणाला, "आणायला हरकत काय?"

राणी आली. पट्ट्या तशाच होत्या, मळून काळ्या पडलेल्या. आत्याने सगळ्यांसमोर एकेक फेर सोडला. आतून हात निघाला. वाळलेल्या फांदीसारखा बारीक, कातडीचे पापुद्रे सुटलेले. न्यायाधीशाने लेखणी पुढे केली. बोटं तिच्याभोवती मिटेचनात. लेखणी घरंगळून खाली पडली.

"काल-परवाच बांधलं असेल," दीर म्हणाला.

"दोन दिवसांत हात असा सुकत नाही," आत्या म्हणाली. "तुमच्याच वैद्यांना विचारा."

राजवैद्य दिराच्याच पगारावर होता. त्याने तो हात उलटसुलट पाहिला, बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाला, "महिन्याच्या वर झालाय. बाई खरं बोलतेय."

कागद तिथेच रद्द झाला. म्हणून राणीचे दिवस पालटले असं मात्र नाही. दिराने तिला मुलासकट दूरच्या किल्ल्यावर ठेवलं, चार वर्षं. तिथे ती डाव्या हाताने लिहायला शिकली आणि तिने मुलालाही अक्षरं शिकवली. इकडे भीतीने आत्याच्या बाकावर सहा महिने कुणी बसलं नाही. मग त्याच गवंड्याचा खांदा निखळला, तेव्हा झक मारत आला आणि हळूहळू बाकीचेही आले.

दीर तापाने गेला. मुलगा गादीवर बसला. त्या हिवाळ्यात एक साधी गाडी चामड्याच्या बाजारात थांबली. राणी उतरली. थंडीत हात ठणकतो म्हणाली.

आत्या एका हमालाच्या मनगटाला पट्टी बांधत होती. ती उठायला लागली तशी राणी म्हणाली, "त्यांचं होऊ दे आधी," आणि बाकावर, एका पाय मोडलेल्या शिपायाशेजारी, जाऊन बसली. शिपाई अंग चोरून टोकाला सरकला. सगळी गल्ली दारादारात उभी होती. शिपायाचं झाल्यावर राणी आत गेली आणि बाही वर सरकवली.