फॉर्मवर नसलेलं नाव

वडिलांची बदली कोट्याला झाली तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मला जयपूरलाच, मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. प्रवेशाच्या दिवशी वॉर्डनच्या खोलीत त्यांनी उभ्या-उभ्या एक फॉर्म भरला. मुलीला भेटायला कोण येऊ शकेल, त्यांची नावं त्यात लिहायची होती. वडिलांनी स्वतःचं लिहिलं आणि जयपुरातच सोडाला भागात राहणाऱ्या, त्यांच्याच कचेरीतल्या एका मराठी गृहस्थांचं. आईचं लिहिलं नाही. मुद्दाम नव्हे. आई एकटी कुठे जाईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. माझ्याही आलं नाही.

नियमांचा कागद प्रत्येक खोलीच्या दारामागे चिकटवलेला असे. भेट फक्त रविवारी, चार ते सहा. पाहुण्यांनी व्हरांड्याच्या पुढे यायचं नाही. मुक्कामाला कोणी नाही, सख्खी बहीणसुद्धा नाही. खोलीत स्टोव्ह, शेगडी, इस्त्री ठेवायची नाही. हा शेवटचा नियम आम्ही मोडला. त्या हिवाळ्यात थंडी फार होती आणि मेसचा चहा सकाळी एकदाच मिळे. माझ्या खोलीतल्या मुलीने घरून विजेची छोटी शेगडी आणली होती. ती आम्ही पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे ठेवत असू. एका संध्याकाळी दूध उतू गेलं आणि करपल्याचा वास पार जिन्यापर्यंत पोचला. वॉर्डन वर आल्या, शेगडी उचलून घेऊन गेल्या. माझ्या नावाच्या कागदावर माझ्यादेखत त्यांनी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "यानंतर काही झालं तर वडिलांना पत्र जाईल आणि तू खोली सोडशील."

वडिलांना पत्र, या दोन शब्दांनीच माझी झोप उडाली. मला त्यांनी मोठ्या मुश्किलीने शिकायला ठेवलं होतं. एवढं निमित्त मिळालं असतं तर शिक्षण थांबवून त्यांनी माझ्या लग्नाचं बघितलं असतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात, मंगळवारी, चारच्या सुमारास मी कॉलेजातून परतले तर फाटकाबाहेर चौकीदाराच्या स्टुलावर आई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. मी समोर जाऊन उभी राहिले तरी तिने मान वर केली नाही. हाक मारली तेव्हा दचकली.

"आई, तू? आणि बाबा?"

"ते दौऱ्यावर आहेत. मी एकटीच आले."

कोट्याहून येताना सवाई माधोपूरला गाडी बदलावी लागे. आई तोवर बाजारातसुद्धा एकटी गेली नव्हती. ती अकरा वाजल्यापासून तिथे बसली होती. चौकीदार ओशाळून मला म्हणाला, "बिटिया, मैं क्या करता? माँ का नाम फॉर्म में है ही नहीं।"

मी धावत वॉर्डनकडे गेले. त्यांनी माझा कागद काढला, लाल ओळींवर क्षणभर बोट ठेवलं. नाव नाही आणि आज रविवारही नाही, त्या म्हणाल्या. लांबून आल्या आहेत म्हणून फाटकाशी दहा मिनिटं बोल. मी मुक्कामाचं विचारणार होते, पण ते बोट पाहून तशीच मागे वळले.

मी परत आले. आईने पिशवीतला डबा चाचपून काढला आणि माझ्या हातात दिला. रव्याचे लाडू होते. मग ती म्हणाली, "एक रात्र तुझ्याजवळ राहिले असते. आणि उद्या सकाळी तू तासभर माझ्याबरोबर आली असतीस तर बरं झालं असतं. एका ठिकाणी जायचंय."

"कुठे?"

"आहे एक काम."

मी तिला शेगडीचं सांगितलं, लाल शाईचं सांगितलं. बाहेर जायचं तर बाबांचं पत्र लागतं, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा. ती माझ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होती, म्हणून ती रागावली असं मला वाटलं.

"सोडाल्याला त्यांच्याकडे राहतेस का?" मी विचारलं.

"नको. तिथून ह्यांना कळेल. जाते मी. पावणेसहाची गाडी आहे."

"काम काय होतं पण?"

"काही नाही गं. सहज आले होते. तू अभ्यास कर."

चौकीदाराने रिक्षा थांबवली. चढताना तिचा खांदा रिक्षाच्या दांडीवर आपटला. मी फाटकाच्या आतच उभी होते.

मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले तेव्हा आई भांड्याबाहेर दूध ओतत होती. वडील तोवर चष्माच बदलायचा म्हणत होते. शेवटी आम्ही तिघं जयपूरच्या मोठ्या इस्पितळात गेलो. काचबिंदू होता. उजवा डोळा गेला होता. डावा औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

"दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला कधी लागली?" त्यांनी विचारलं.

"थंडीत," आई म्हणाली. "कोट्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच इथे दाखवायला सांगितलं होतं."

"मग आला का नाहीत?"

वडील तिच्याकडे बघत राहिले. मला सांगता आलं असतं की ती आली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर आई वीस वर्षं जगली. ताटात उजवीकडे वाढलेलं तिला दिसत नसे, म्हणून मी सगळं डावीकडे वाढायला लागले. त्या मंगळवारचा विषय मी एकदाच काढला. ती म्हणाली, "तुझं शिक्षण चाललं होतं," आणि पुढची भाजी निवडायला घेतली. तिची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा वॉर्डन बाहेर आल्या नाहीत म्हणून मला हायसं वाटलं होतं, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.