अंगठ्याला रजा

बाई आधी नाव विचारायच्या नाहीत. समोर आलेल्या बाईचा हात ओढून उताणा करायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि एक डोळा बारीक करून अंगठा न्याहाळायच्या. नवख्याला वाटायचं, भविष्य सांगतात. मग निकाल सुटायचा: “रेघा पुसल्यात. ह्याला आठ दिवस रजा!”

दिंद्रुडला माझं झेरॉक्सचं दुकान. शेजारच्या गाळ्यात बँकेनं नेमलेल्या या बाईंचं टेबल आणि त्यावर अंगठ्याचं मशीन. लग्न ठरलं, पोरगी शिकायला निघाली, घरधनी गेला, की बायका पैशाचं विचारायला बाईंकडे येत. “पैसा कुणाच्याबी वाटेनं येऊ दे, उतरला पायजे तुझ्या नावावर,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अडचण एवढीच, की ऊसतोड करून, राखेनं भांडी घासून आमच्याकडच्या बायकांच्या अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक राहत नाही. रेघ नसली की मशीन ओळखत नाही. खात्याची मालकीण समोर उभी, आणि मशीन म्हणतं, ही ती नव्हेच!

या रजेची खरी मजा वच्छलेच्या वेळची. ऐकाच.

वच्छलेचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. बाईंनीच मागं लागून त्याचा अपघात विमा काढवला होता. रक्कम वच्छलेच्या खात्यात यायची. पण खातं पडलेलं बंद, आणि ते चालू व्हायला तिचा अंगठा मशीनवर उठायला हवा. तो काही उठेना. इकडे दसरा होऊन गेलेला, दहा दिवसांत ऊसतोडीची टोळी निघणार. तिथं एक कोयता म्हणजे दोघांची जोडी. आता नवरा नाही, तर जोडीला कोण? आठवीतली पोरगी! रक्कम आली तरच पोरगी शाळेत राहणार होती.

दीर सोबत आला होता. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला, “आमची काय ना हाय का? पण अंगठाच उठंना, त्याला आमी काय करावं? माझ्या खात्यावर घ्या. घर तर एकच हाय.”

बाई उठल्या. पदर खोचला. आता नाटक सुरू होणार, हे ओळखून मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

“ऐकलं का गं सगळ्यांनी? अंगठा उठला तर ह्यांची ना न्हाई!”

“ऐकलं!” रांग म्हणाली.

“मग आठ दिवस हिनं भांड्याला, सरपणाला, शेणाला हात लावायचा न्हाई. निजताना अंगठ्याला खोबरेल.”

“आन् भांडी कोण घासंल?”

“कावून बे, तुला हात न्हाईत?”

बाईंच्या तोंडी ‘बे’! रांग खदाखदा हसली. दीर स्वतःच्याच शब्दात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या गल्लीतल्या हापशावर गेलो. दीर तोंडाला टॉवेल गुंडाळून कढई घासत होता, जसा काही दरोड्याला निघालाय. ओट्यावरून त्याची आई ओरडत होती, “बूड काळंच हाय रं! वच्छी कसं लख्ख काढायची!” म्हातारीच्या तोंडून सुनेचं कौतुक गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं.

नवव्या दिवशी गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वच्छलेनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. पोरगी आईचा पदर धरून उभी. बाईंनी काच पुसली. मग वच्छलेचा हात धरला आणि तिचा अंगठा स्वतःच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, हळूच घासला. कपाळाच्या तेलकटपणानं रेघ उमटते म्हणे. असेल. पण नवरा गेल्यापासून वच्छलेचा हात कुणी आपल्या कपाळाला लावून घेतला नव्हता.

“ठेव आता.”

हिरवा!

काय तो गलका! आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? दीर. “माझ्या घासण्यानं उठला!”

टोळी पोरीविना गेली. पुढं रक्कम उतरली, वच्छलेनं पिठाची गिरणी टाकली. शाळा सुटली की पोरगी पांढऱ्या भुवयांनी दळण द्यायची.

मग रजेचं पेवच फुटलं. एकदा रांगेतल्या एकीकडे बोट करून मी बाईंना म्हटलं, “अहो, हिचा अंगठा तर पहिल्या झटक्यात उठतोय! हिला कशाला रजा?”

“गप. झेरॉक्स काढ तू.”

पुढच्याच महिन्यात ती रजा माझ्या घरी आली.

गुडघ्यांनी दगा दिला तशा बाई अंबाजोगाईला लेकीकडे गेल्या. टेबल तेच, माणूस नवा, मशीनही नवं. हे अंगठा मागतच नाही, नुसता चेहरा बघून ओळखतं. तरी हापशावर टॉवेल गुंडाळलेले गडी अजून दिसतात. बायकांनी ही बातमी घरी नेलेली नाही, आणि ज्या गड्यांना कळली त्यांनी ती हापशावर काढलेली नाही.

परवा बायको म्हणाली, “सोमवारी बँकेत जायचंय. अंगठ्याला रजा टाकलीय.”

ते नवं मशीन मी शेजारी रोज बघतो. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.

“काय?”

“काय न्हाई,” म्हणालो, बाह्या सारल्या आणि कढई पुढं ओढली.

अंबाजोगाईकडे कुणी जाणार असाल तर बाईंना तेवढं सांगा: बूड लख्ख निघालं.