मागून येणारी पावलं

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तिला सगळे सेटरबाई म्हणत. झाकणं बसवणारं मशीन जुळवून देणं हे तिचं काम. बाटलीचा आकार बदलला की मशीनच्या डोक्याची उंची बदलायची, दाब लावायचा, पहिल्या वीस बाटल्यांची झाकणं हाताने पिळून पाहायची आणि मगच लाइन सोडायची. एकवीस वर्षं ती हे करत होती. काचेवर काच आपटण्याच्या आवाजाने पहिली काही वर्षं तिचं डोकं उठायचं. पुढे उठेनासं झालं, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दुखणं नेमकं तेच आहे. डावा कान जवळपास गेलेला, उजव्यात यंत्र घालून निभत होतं. समोर बसलेल्या माणसाशी ती ओठ पाहून छान बोले. फोनवर मात्र पंचाईत.

त्यामुळे धाकट्या भावाशी बोलणं आटत गेलं. तो दुसऱ्या शहरात राहायचा. आई होती तोवर ती दोघांची ख्यालीखुशाली इकडून तिकडे पोचवायची. आई गेली आणि मागे उरलं ते "कशी आहेस" आणि "बरी आहे". शेवटी भावानेच शक्कल लढवली. आपला जुना कॉम्प्युटर त्यात एक खेळ घालून तिच्याकडे पाठवून दिला. म्हणाला, रविवारी दुपारी दोघं मिळून खेळू.

खेळ असा, की साथीने मुलूख ओस पडलाय, थंडी मी म्हणतेय, खायला नाही आणि साथ लागलेली माणसं कुठूनही अंगावर येतात. लाकडं तोडायची, पडक्या घरांतून डबे शोधायचे, गोळ्या मिळाल्या तर बंदूक चालवायची. तिने आधी नाक मुरडलं. या वयात बंदूक घेऊन रानात पळायचं म्हणजे जरा अतीच. पण तिसऱ्या रविवारपर्यंत गोडी लागली. खेळता खेळता एकमेकांना लिहिता येत होतं, आणि लिहिलेलं वाचायला कान लागत नाहीत.

अडचण वेगळीच निघाली. त्या खेळात जगणं कानांवर होतं. मागून येणाऱ्याची फक्त पावलं वाजत, आणि ती तिला कळत नसत. दर रविवारी ती चार-पाचदा मरायची. भाऊ वाचवायला धावायचा आणि तोही मरायचा. एका रविवारी त्याने तिला एका झोपडीत नेलं आणि लिहिलं, "ताई, तू इथे बसून शेकोटी सांभाळ. मी सामान घेऊन येतो."

दोन तास ती शेकोटीत लाकडं सारत बसली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी झोंबलं. कान गेल्याचं कळल्यावर साहेबांनीही तिला लेबलं मोजायला बसवायचं ठरवलं होतं. तेव्हा तिने मशीनच्या सांगाड्यावर तळहात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगितलं होतं, आणि दोन दिवसांनी तेच गेलं होतं. लेबलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

खेळाडू त्या खेळात आपल्या मनाने बदल करून घालतात, त्याला मॉड म्हणतात, एवढं तिने वाचलं होतं. कुणी नवे कोट केले होते, कुणी नव्या बंदुका. पावलं डोळ्यांना दाखवणारा एकच मॉड सापडला, तोही जुना, बंद पडलेला. मग आपणच करू, असं तिने ठरवलं. पहिली पाळी तीनला सुटायची. साडेतीन ते सहा हा वेळ तिने त्याला दिला.

मॉड करणाऱ्यांसाठी खेळासोबत एक माहितीपत्रक होतं. त्यातला पहिला धडा होता शेकोटीच्या ज्वाळेचा रंग बदलण्याचा. तिने फाइल उघडली, सांगितलेले आकडे बदलले आणि खेळ सुरू केला. तो सुरूच होईना. आकडे बदलताना एक स्वल्पविराम पुसला गेला होता, पण हे तिला फार उशिरा कळलं. तोवर फाइलची प्रत न ठेवल्यामुळे सगळा खेळ नव्याने घालावा लागला होता.

इथे तिला स्वतःचाच राग आला. कारखान्यात नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी बजावायची, की एका वेळी एकच बोल्ट हलवा, आणि आधी तो कुठे होता ते लिहून ठेवा. घरी मात्र ती अक्कल गहाण ठेवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने एक वही सुरू केली. तारीख, काय बदललं, काय झालं. आधी फाइलची प्रत, मग बदल. त्या संध्याकाळी ज्वाळा निळी झाली.

नवऱ्याला बोलावून दाखवली. तो शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याने चष्मा सारखा करून पाहिलं. "आमच्याकडचा बर्नर असाच जळतो," म्हणाला आणि चहा ठेवायला गेला. तिला ते प्रशस्तिपत्रकासारखं वाटलं.

खऱ्या कामाला मात्र सात आठवडे लागले. वाऱ्याची दिशा दाखवणारा एक मॉड होता. तो करणाऱ्याला तिने विचारलं, की यातला काही भाग घेऊ का. "खुशाल घ्या" असं उत्तर आलं. तो तिने ओळ न ओळ वाचला, अडलेला शब्द वहीत उतरवून अर्थ शोधला. ठरवलं होतं ते साधं होतं. ज्या बाजूला पावलं वाजतील, पडद्याच्या त्या कडेला पांढरी पट्टी उजळावी.

पहिल्यांदा चारही कडा उजळल्या त्या विझेनातच. खेळ तिला तिचीच पावलं दाखवत होता. चालणारी मीच असेन तर सोडून दे, अशी ओळ घातल्यावर ते थांबलं. मग डावीकडची पावलं उजवीकडे दिसू लागली. त्या उलट्या पट्टीवर विश्वास ठेवून ती नऊ वेळा मेली, तेव्हा कुठे एक वजाबाकीचं चिन्ह हाती लागलं. त्यानंतर लांबच्या टेकडीवरची पावलंही दिसायला लागली. ते तिने स्वतःहून काढलं. कान असलेल्याला जेवढं कळतं तेवढंच तिला हवं होतं. भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की पावलं किती लांबून ऐकू येतात. त्याने मोजून वीस पावलं सांगितली. तिने वीस घातले. आणि भावाच्या पावलांना हिरवा रंग दिला, नाहीतर त्यालाच गोळी घातली असती.

पुढच्या रविवारी तिने झोपडीत थांबायला साफ नकार दिला. भाऊ कुरकुरत सोबत निघाला. एका गोदामात शिरले आणि खेळातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला. डबे उचलता उचलता तिने लिहिलं, "मागे, डावीकडे. दोघं आहेत."

"कुणी नाही," त्याने लिहिलं. पावसाच्या आवाजात त्यालाही काही ऐकू येत नव्हतं. तोवर ती वळली होती. ते दोघं आडवे झाल्यावर त्याने लिहिलं, "तुला कसं कळलं?"

तिने सगळं सांगितलं, वहीसकट. पलीकडून आलं, "शेकोटीचं तुला लागेल असं वाटलं नव्हतं."

"लागलं होतं. आता ते डबे उचल."

त्यानंतरचे रविवार बदलले. आता दोघं लांब लांबच्या वाटा धरत, आणि चालताना लिहायला वेळ मिळे. अशाच एका कोरड्या नदीच्या पात्रात भावाने आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहिलं. हॉस्पिटलात तो एकटाच होता. ताईला फोन केला तर ऐकू येणार नाही, आणि मेसेजमध्ये काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्याने तिच्या नवऱ्याला कळवलं होतं. दोन वर्षं ते त्याच्या मनात सलत होतं. तिने ते दोनदा वाचलं. "मला वाटायचं, तुला मी आठवलेच नाही," तिने लिहिलं. तो चालायचा थांबला नाही. हिरवी पट्टी तिच्या उजव्या कडेला पात्राच्या शेवटापर्यंत होती.

मॉड इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेव, असा हट्ट त्याचाच. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी घेतला. त्यातल्या जन्मतः बहिऱ्या असलेल्या एका बाईने लिहिलं, की आज पहिल्यांदा त्या खेळात मी एकटी एका घरात शिरले आणि जिवंत बाहेर आले. दुसऱ्या एकाने कळवलं, की बर्फात पांढरी पट्टी दिसतच नाही. सेटरबाई बर्फात कधी गेलीच नव्हती. गेली, मेली, आणि परत येऊन पट्टीला काळी किनार लावली.

हळूहळू मॉड घेणारे शेकड्यांनी वाढले. मग खेळ बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली आणि मॉड बंद पडला. एका दिवसात त्रेसष्ट तक्रारी आल्या. एकाने तर चांगलंच सुनावलं होतं. तिने वहीचं नवं पान काढून तारीख घातली. पावलांच्या आवाजाचं फाइलमधलं नावच बदललंय, हे शोधायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुरुस्त मॉड चढवला, खाली उशिराबद्दल दिलगिरी लिहिली, आणि त्रेसष्ट जणांना एकेक करून उत्तर दिलं. सुनावणाऱ्यालाही दिलं, पण सगळ्यात शेवटी.