सत्काराचा टॉवेल

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मगच सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना मेव्हण्याला ठसका लागला आणि बायकोने दोष मला दिला. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात ना, तो मी बारा पुणेकरांसमोर, देवळाच्या दारात, वर भाषण ठोकून पाडून घेतला!

आमचं सोलापुरात टॉवेल-चादरींचं दुकान आहे. आजोबांच्या काळापासूनचं, पण गल्लीच्या आत. हायवेवर मोठमोठी दुकानं झाली. बाहेरगावचं गिऱ्हाईक तिथंच उतरतं आणि तिथूनच परत जातं. आमचे दोन माग बंद पडले होते. अशात पुण्याच्या केतकीताईंचा फोन आला. या बाई लोकांना बसने जुन्या गावांतून हिंडवतात. सकाळी देऊळ, दुपारी गावातलं जेवण, संध्याकाळी एखादा जुना धंदा. दर रविवारी बस थांबवायला त्यांना सोलापुरात एक दुकान हवं होतं. एका फेरीला मी सोबत यावं, मग त्या ठरवणार. दर रविवारी आमच्या दारात भरलेली बस! मी हो म्हणायच्या आधीच सदरा इस्त्रीला टाकला.

फेरी वेळापूरची होती. तिथलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ पाहिलं, आवारातले वीरगळ पाहिले. कुठला दगड कुठल्या काळातला, मला काय कळतंय? पण केतकीताई सांगतील त्यावर मी जाणत्यासारखी मान हलवत होतो. जेवण भगवानतात्यांच्या घरी होतं. गावातले वडीलधारे, देवळाच्या प्रत्येक कामात पुढे. पिठलं, भाकरी, ठेचा. पुणेकरांनी घाम पुसत पुसत दोनदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर तात्यांनी सगळ्यांना देवळापुढच्या पारावर बसवलं. पाहुणा आला की त्याला मान द्यायचा, ही आमच्या भागातली रीत. बायकांची खणानारळाने ओटी भरली. पुरुषांना टॉवेल, टोपी आणि नारळ.

आता मला सांगा, टॉवेलवाल्याच्या खांद्यावर टॉवेल टाकल्यावर त्याचा हात गप्प बसेल का? लग्न असो, बारसं असो, आम्ही लोक आधी कोपरा चोळून बघतो. सासरी पहिल्यांदा हात पुसायला दिला, तेव्हाही मी टॉवेल उलटा करून शिलाई बघितली होती. बायको अजून ऐकवते. तर बोटं आपोआप गेली. चोळलं, तर नुसती खळ. एक धागा ओढला, तो हातभर निघून आला.

इथं तोंड मिटून बसायला हवं होतं. पण शेजारी केतकीताई होत्या, आणि मला वाटलं, आपलं ज्ञान दाखवायची हीच वेळ.

"तात्या, तुम्हाला कुणीतरी फसवलंय," मी म्हणालो.

मग मला कोण आवरणार? मी उभा राहिलो. चांगला टॉवेल कसा असतो, वाईट कसा, खळ घालून पातळ माल कसा कडक करतात, सगळं सांगितलं. तांब्या मागवला. टॉवेलवर पाणी ओतून दाखवलं. चांगला टॉवेल पाणी पितो. हे पाणी टॉवेलवरून घरंगळत थेट तात्यांच्या धोतरावर गेलं. पुणेकर खूष! एकेकाने आपापला टॉवेल चोळायला घेतला. एका निवृत्त काकांनी उन्हाकडे धरून बघितला, तर त्यांना पलीकडचा कळस दिसला. त्यांनी तो बायकोलाही दाखवला.

तात्यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. त्यांनी देवाच्या यात्रेतल्या मानकऱ्यांसाठी गठ्ठाच आणून ठेवला होता. पाहुण्यांपुढे आपली शोभा झाली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ते बघून मला आणखीच चेव आला. म्हटलं, अशा व्यापाऱ्यांनीच सोलापूरचं नाव घालवलं. त्याला हितं उभा करा आणि त्याच्याच टॉवेलने अंग पुसायला लावा. दुकान कुठलं ते सांगा, मी स्वतः जाऊन त्याला जाब विचारतो.

तात्या म्हणाले, "पुतण्यानं आणलं सोलापुरातनं. दुकान लई जुनं हाय म्हनं."

"जुनी दुकानंच जास्त लुबाडतात," मी म्हणालो. होय, हे मीच म्हणालो.

तात्यांनी घरातून पिशवी मागवली. पिवळी पिशवी, त्यावर फेट्यातल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. आमचे आजोबा! तात्यांनी पिशवी माझ्या तोंडाशेजारी धरली, एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे. आमच्या घराण्यात नाक सगळ्यांना सारखंच आहे.

"हे तुमचं कोन?"

मी घाईने दुकानात धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, चूक त्याची निघाली तर निदान अर्धी अब्रू वाचेल. पण टोपी सावरताना कुठलं बटण दाबलं गेलं कुणास ठाऊक, त्याचा आवाज अख्ख्या पाराला ऐकू गेला.

"अण्णा, त्यो सत्काराचा माल हाय की. तुमीच काढायला लावला न्हवं का?"

लावला होता हो! सत्काराचा टॉवेल कुणी वापरतं का? एकाच्या सत्कारातला दुसऱ्याच्या सत्काराला जातो, तिथून तिसऱ्याच्या लग्नात. घडी मोडतच नाही. म्हणून मीच डोकं चालवून पातळ, कडक, चकचकीत टॉवेल काढला होता; घडी मोडून मी तरी तो कधी बघितला होता? तोच हिशोब मी त्या पारावर उभा राहून तात्यांना समजावून सांगितला. सांगताना फार पटण्यासारखा वाटत नव्हता.

तात्यांनी ओलं धोतर पिळलं. "म्हंजी सत्कार झालेला मानूस अंग पुसत न्हाय, असं तुमचं म्हननं."

सगळा गठ्ठा बदलून देतो म्हणून मी हात जोडले. तात्या मोठ्या मनाचे, हसले. पण सोलापूरला येताना केतकीताई माझ्या शेजारची जागा सोडून पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या. आपली बस गेली, बंद माग बंदच राहणार, हे मला दिसत होतं. घरी काय सांगायचं, याच विचारात मी खिडकीबाहेर बघत होतो. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बस हायवेवरच्या दुकानांपाशी थांबलीच नाही. सरळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. पुणेकर आत शिरले आणि त्यांनी माझ्याच पद्धतीने दुकानातला प्रत्येक टॉवेल चोळला, ओढला, दिव्यापुढे धरला. अंग पुसायचे सगळे पास झाले. देव पावला! केतकीताईंनी तिथंच दर रविवार आम्हाला देऊन टाकला.

आता दोन्ही माग चालू आहेत. रविवारी संध्याकाळी बस येते, मी हातात तांब्या घेऊन दारात उभा राहतो आणि केतकीताई नव्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात. दर वेळी शब्द तेच.

"खोटा टॉवेल कसा ओळखायचा, ते आता हे दाखवतील. त्यांच्याइतकं ते कुणालाच कळत नाही, कारण तो त्यांनीच काढलाय."