बेसभाऊंच्या पायाखालचा डबा

बेसभाऊंना कुणी आवाज वाढवायला सांगितला, की ते हटकून कमी करत. रोह्याच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी गात असे आणि ते बेस गिटार वाजवत. घर पेणला, नोकरी नागोठण्याच्या कंपनीत. शिफ्ट सुटली की थेट कार्यक्रमाला येत. डोळे कायम झोपेला आलेले. "झोप काय, म्हातारपणी हायच की," म्हणत आणि तारा जुळवायला बसत.

त्यांचा जीव एका डब्यात होता. एन्व्हलप फिल्टर नावाचं पायाने चालू-बंद करायचं पेडल. ते चालू असताना तार जोरात छेडली की बेसचा सूर तोंड उघडून 'वाँव' म्हणे. हळू छेडली की तोंड मिटून नुसता घुमे. हळदीत कोळीगीताला तो 'वाँव' आला की बायका पदर खोचून उठत. पण भाऊ तो जपून काढत. अख्खं कडवं मऊ बोटांनी वाजवायचं आणि शेवटच्या ओळीलाच जोर लावायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सगळीकडेच घ्या ना." ते म्हणाले, "दर सुराला तोंड उघडलं तर लोक दमतात गो. आपण पण दमतो."

मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. वाढत जाणारा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाले. बोटांतला जोर गेला, तसा सूर उघडेना. भाऊंनी डब्याची खुंटी फिरवून तो जास्त नाजूक केला, म्हणजे हलक्या बोटालाही त्याने बोलावं. मी शेजारी उभी असायचे, म्हणून हे मला माहीत. बाकी कुणाला त्यांनी सांगितलं नाही.

खांब गावच्या एका हळदीत मी संथ गाणं धरलं होतं. बेसला तिथे गप्प बसायचं होतं. भाऊंचं थरथरतं बोट तारेला लागलं आणि मध्येच 'वाँव' झालं. लोक हसले. पुन्हा झालं, पुन्हा हसले. भाऊंनी पायाने डबा बंद केला आणि उरलेला कार्यक्रम साध्या आवाजात वाजवला. सामान टेम्पोत चढवताना मला म्हणाले, "आता मी नाय वाजवलं तरी तो बोलतो." मी वायरी गुंडाळत राहिले.

तो हंगाम त्यांनी कसाबसा ओढला. पुढे येणं थांबलं. बेसचं काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करू लागला. कुणी फारशी चौकशीही केली नाही. सगळेच थकलेले होते.

गेल्या वर्षी मी पेणला त्यांच्याकडे गेले. चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, "गा काहीतरी." त्यांनी गिटार मांडीवर घेतली. डावा हात सुरांवर बरोबर बसला, उजवा तारेवर ठरेना. वहिनी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी भाऊंचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. भाऊ एका बोटाने वाजवू लागले. मी अगदी हळू गायले, नाहीतर ते ऐकूच आलं नसतं. मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं वाजवणं.

कडवं संपायच्या आधी त्यांच्या कपाळावर घाम आला. वहिनींनी विचारलं, "दमलात. सोडू हात?"

"दमलोय गो," भाऊ म्हणाले. "पण सोडू नको."