सातवीचा पेपर देऊन पास केलेलं नेटवर्क

बिबवेवाडीतल्या आमच्या अभ्यासिकेचं नवं नेटवर्क चाचणीत नापास झालं आहे. केबल तपासायला आलेल्या नसरीनताईंनी आज दुपारी मशीनचा स्क्रीन सगळ्यांना दाखवूनच ते सांगितलं.

भिंतीतली केबल ठरल्याप्रमाणे कॅट सिक्स-ए दर्जाची आहे. पण तिच्या टोकांना बसवलेली सॉकेट निघाली कॅट फाइव्ह-ई, म्हणजे खालच्या दर्जाची. अशी सरमिसळ केली की सगळी जोडणी खालच्याच दर्जाची धरली जाते. महागड्या केबलचा उपयोग शून्य.

ठेकेदार मात्र निवांत. मला म्हणाला, "अहो काका, मशीनवर चाचणीचा दर्जा फाइव्ह-ई निवडू, लगेच पास दाखवेल. तुम्ही अहवालावर सही करा, कोण बघतंय?"

नसरीनताई म्हणाल्या, "म्हणजे दहावीत नापास झालेल्याला सातवीचा पेपर द्यायचा?"

आमचे अध्यक्ष हसले नाहीत. रविवारच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात. "मुलांना नेट मिळालं की झालं. तुम्ही सचिव आहात, परीक्षक नाही," त्यांनी मला सुनावलं.

मी सही केली नाही. आयुष्यभर वर्तमानपत्रात पान वेळेवर छपाईला सोडलं, पण चूक दिसत असताना कधी सोडलं नाही. देणगीदारांना आम्ही सिक्स-ए सांगितलंय. खोट्या 'पास'खाली माझं नाव जाणार नाही.

तुम्ही केली असती सही?

उद्या संध्याकाळी सहाला विश्वस्तांची बैठक आहे. सॉकेट बदलायची की सचिव बदलायचा, ते तिथे ठरेल.